काटकसर कोणाच्या श्वासाची?

काटकसर हा सद्गुण होय, याविषयीं आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांत दुमत होणार नाहीं. रिकाम्या खोलींतला दिवा मालवावा हें आपणांस बाळकडूंतूनच मिळालेलें असतें. परंतु जिची काटकसर करावयाची ती वस्तु मुळांत आपली आहे काय, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. कचेऱ्या आणि कारखाने यांतील हवेचा इतिहास पाहिला म्हणजे तो टाळतां येत नाहीं.

1858 च्या सुमारास म्यूनिक येथील पेटेनकोफर या शास्त्रज्ञानें बंद खोलीची हवा पारखण्याचा एक उपाय सांगितला. उच्छ्वासांतील कार्बन डाय-ऑक्साइड हवेंत हजारीं एक भाग झाला, कीं खोली बिघडली असें समजावें. एवढ्या प्रमाणांत तो वायु विष नव्हे, साक्षीदार आहे. एकाच्या छातींतून निघालेली हवा दुसऱ्याच्या छातींत कितपत जात आहे, हें तो सांगतो. (दुपारीं तीनच्या तासाला विद्यार्थी डुलक्या घेतात त्याचा सगळा दोष शिक्षकाच्या वाणीकडे जात नाहीं, हें ऐकून माझ्या व्यवसायबंधूंस दिलासा मिळेल.)

1973 सालीं तेलाचें संकट आलें. अमेरिकेंत इमारती घट्ट बंद करण्यांत आल्या. आणि बाहेरची हवा गार वा ऊन करण्यास इंधन लागतें, म्हणून ती आंत घेण्याचें किमान प्रमाण तेथील अभियंत्यांच्या मानकांत दर माणशीं मिनिटास 5 घनफुटांपर्यंत खालीं आलें. इंधन वाचलें. पण डोकें जड होणें, डोळे चुरचुरणें, घसा कोरडा पडणें अशा तक्रारी बंद कचेऱ्यांतून येऊं लागल्या, आणि घरीं गेल्यावर त्या शमत. रोग माणसाला नसून इमारतीला आहे, असें निदान करण्याची पाळी आली! 1989 मध्यें कचेऱ्यांसाठीं तेंच प्रमाण 20 घनफूट करण्यांत आलें. मधल्या काळांतील बचत जमाखर्चांत दिसते. ती ज्यांच्या देहांतून वसूल झाली त्यांच्यासाठीं त्यांत रकाना नाहीं.

गिरणगांवास ही कथा नवी वाटणार नाहीं. कापसाचा धागा कोरड्या हवेंत तुटतो, दमट हवेंत बळकट राहतो; म्हणून साचाखात्यांत कृत्रिम रीतीनें ओलावा सोडीत. कापड त्यानें सुधारे. परंतु उष्ण हवा ओली झाली कीं अंगावरचा घाम वाळत नाहीं, आणि घाम वाळला नाहीं कीं शरीराला थंड होण्याचा मार्ग फारसा उरत नाहीं. सुताची प्रकृति सांभाळली जात होती, विणकराची नव्हे. लँकेशायरच्या साचाखात्यांतील या ओलाव्यावर मर्यादा घालण्यास इंग्लंडांत 1889 चा कायदा व्हावा लागला. आपल्या 1948 च्या कारखाने कायद्यांतहि त्यासाठीं स्वतंत्र कलम होतें. धागा तुटला तर लगेच दिसतो. माणूस असा एका क्षणीं तुटत नाहीं, हीच त्याची अडचण.

आजचा पर्यावरण-अभियंता म्हणेल कीं हा झगडा बराचसा खोटा आहे. बाहेर टाकावयाची गार हवा, आंत येणाऱ्या उष्ण हवेच्या शेजारून, मध्यें पातळ पत्रे ठेवून न्यावी. दोन्ही मिसळत नाहींत, पण गारवा पुष्कळसा परत मिळतो. पंख्याचा वेग निम्मा केला तर तत्त्वतः वीज एक-अष्टमांश लागते, म्हणून माणसें असतील तेव्हां व तेथेंच भरपूर हवा द्यावी. पेटेनकोफरचा साक्षीदार आतां यंत्ररूपानें भिंतीवर बसवितां येतो. पश्चिमेच्या भिंतीस कांच लावावी आणि ती तापली म्हणून वीज जाळावी, हें आपल्या शहरांतलें नवें शहाणपण तर त्यास मुळींच उमगत नाहीं.

त्याचा आणखी एक युक्तिवाद आहे, आणि तेथें मात्र मी थबकतों. हार्वर्डच्या संशोधकांनीं 2016 सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत 24 जणांस सहा दिवस निरनिराळ्या हवेंत काम करावयास दिलें; चांगल्या हवेच्या दिवशीं निर्णयशक्तीच्या चाचणींतील त्यांचे गुण स्पष्टपणें वाढले. तेव्हां मालकांस सांगावयाचें कीं शुद्ध हवा फायद्याची आहे. दार त्यानें उघडत असेल तर अवश्य सांगावें. पण तळघरांत मोटारींच्या धुरांत बसणाऱ्या पहारेकऱ्याच्या निर्णयशक्तीचे गुण कोणी मोजीत नाहीं. त्याच्या हवेचें काय? फायदा हेंच कारण मानलें, तर फायदा संपतो तेथें त्याचा हक्कहि संपतो. मला हें मानवत नाहीं. कामगार आपला वेळ व श्रम विकतो, फुफ्फुस विकीत नाहीं.

मग वाटेल तेवढी वीज जाळावी काय? तेंहि नव्हे. चंद्रपुरास कोळसा जळतो, त्याची वीज दूरच्या कचेऱ्या गार करते, आणि राख व धूर चंद्रपूरकरांच्या वांट्यास येतो. उधळपट्टीचें देणेंहि परक्याच्या छातीवरच पडतें. म्हणजे ऊर्जेची काटकसर ही आरोग्याची सवत नव्हे. मात्र काटकसर ठरविणारा स्वतः कोठें बसतो तें पाहावें. तो बहुधा खिडकीजवळच्या खोलींत असतो. जुन्या कचेरींतल्या कारकुनाच्या हातीं निदान खिडकीची कडी होती. बंद इमारतीनें ती काढून घेतली आणि तिच्या जागीं तक्रारवही ठेवली.

माझी सूचना साधी आहे. विजेच्या बचतीचा हुकूम काढणाऱ्यानें आधीं एक पुरा दिवस तळघरांतल्या त्या खुर्चीवर बसावें. पहारेकऱ्यास त्या दिवशीं रजा द्यावी, अर्थात् पगारी.