किंचित् ऊन : चित्रकथेतील साथीदार आणि त्याचा स्वार्थ

नायकाच्या सोबत्याचा विचार आपल्याकडे नाट्यमीमांसेत फार पूर्वी झालेला आहे. मुख्य कथेला साहाय्यभूत होणाऱ्या दीर्घ उपकथेला धनंजयाने 'दशरूपका'त 'पताका' म्हटले आणि तिच्या नायकाला 'पीठमर्द'. हा पीठमर्द चतुर असावा, मुख्य नायकाचा अनुचर व भक्त असावा आणि गुणांनी त्याच्याहून किंचित् ऊन असावा, अशी अपेक्षा आहे. सुग्रीव हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. परंतु त्याच ग्रंथात प्रासंगिक वृत्ताचे लक्षण सांगताना आणखी एक अट येते. हे वृत्त परार्थ असते खरे, पण प्रसंगाने त्यात स्वार्थही साधला जातो. रामाला सीता परत मिळते तेव्हा सुग्रीवाला किष्किंधेचे राज्य मिळून चुकलेले असते. व्लादिमिर प्रॉपने १९२८ साली रशियन परीकथांच्या विश्लेषणात 'साहाय्यक' ही भूमिका निश्चित केली. मात्र त्या साहाय्यकाच्या वाट्याला काय यावे, हा प्रश्न त्याच्या पद्धतीत उद्भवतच नाही. धनंजयाकडे तो निदान ओझरता का होईना, उद्भवतो. सुपरहिरोच्या साथीदाराची जी उत्क्रांती चित्रकथांतून झाली, ती तपासायला ही जुनी अटच अधिक उपयोगी पडेल असे वाटते.

मराठी वाचकाला हा साथीदार प्रथम भेटला तो बहुधा 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून. टाइम्स समूहाची ही मालिका १९६४ ते १९९० या काळात मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघत होती. वेताळ आणि मँड्रेक हे तिचे प्रमुख नायक, दोघेही ली फॉकने निर्मिलेले. मँड्रेकचा सोबती लोथार हे पात्र नीट पाहण्याजोगे आहे. १९३४ साली तो अवतरला तेव्हा त्याच्या अंगावर बिबळ्याचे कातडे होते, डोक्यावर तुर्की टोपी होती आणि तोंडी मोडकीतोडकी इंग्रजी. कथेत मात्र तो आफ्रिकेतील सात राष्ट्रांचा राजपुत्र. राजपदाची संधी सोडून तो जादूगाराच्या मागे निघालेला. १९६५ च्या सुमारास फ्रेड फ्रेडरिक्स या चित्रकाराकडे ही मालिका आली आणि लोथारचे कातडे गेले, भाषा शुद्ध झाली, सेवकाचा मित्र झाला.

ही सुधारणा स्वागतार्ह होती, यात शंका नाही. तथापि तिने नेमके काय बदलले? वेश आणि वाणी बदलली. स्थान बदलले नाही. कोडे सोडवणारा मँड्रेक, दार फोडणारा लोथार. येथे असा आक्षेप घेतला जाईल की, लोथारने हे सख्य स्वेच्छेने पत्करले आहे आणि स्वेच्छेने पत्करलेल्या गौणत्वात अन्याय कोणता? आक्षेप वजनदार आहे. लक्ष्मणाच्या बाबतीत आपण हेच म्हणत आलो आहोत. परंतु ही 'स्वेच्छा' लेखकाने लिहिलेली असते. राज्यत्याग हा लोथारच्या थोरवीचा पुरावा म्हणून येतो, आणि तोच त्याला स्वतःचे कथानक नाकारण्याची सबबही ठरतो. सुग्रीवाला राज्य मिळवून दिले जाते, लोथारकडून ते आधीच सोडवून घेतले जाते.

बॅटमॅनचा रॉबिन १९४० साली आला. एकट्या नायकाला बोलायला कुणीतरी हवे, ही त्यामागची सरळ गरज होती. पुढे डिक ग्रेसन हा मुलगा वाढत गेला आणि १९८४ साली त्याने 'नाइटविंग' हे नवे नाव घेतले. किंचित् ऊन असणे संपले तेव्हा तो साथीदारही उरला नाही. पण रॉबिन हे पद रिकामे राहिले नाही. त्याच वेशात जेसन टॉड नावाचा दुसरा मुलगा उभा करण्यात आला. म्हणजे उत्क्रांती झाली ती व्यक्तीची. पद जसेच्या तसे राहिले.

पद आणि व्यक्ती यांतील हा भेद ज्यांना पुस्तकातून शिकावा लागत नाही, अशी माणसे आपल्याकडे पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात लाखांनी राहतात. प्रॉपच्या संज्ञेला इंग्रजीत जो शब्द आहे, तो 'हेल्पर' येथे रोजच्या बोलण्यातला मराठी शब्द झाला आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागून वाहनांचे कारखाने आले आणि चालू शतकात चाकणची माळराने भरली. मराठवाड्यातून वा विदर्भातून आलेला मुलगा हेल्पर म्हणून लागतो. मशीन चालवणारा ऑपरेटर आणि त्याच्या हाताखाली सामान देणारा, उचलणारा, पुसणारा हा. राज्यातील आदर्श स्थायी आदेशांत, वर्षात २४० दिवस अखंड काम केलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद होती. तेवढे दिवस भरू नयेत म्हणून सातव्या महिन्यात 'ब्रेक' देण्याची रीत रूढ झाली. गणवेश तोच राहतो, आत मुलगा नवा येतो. डिक ग्रेसन मोठा झाला म्हणून गेला. हा मोठा होऊ नये म्हणून पाठवला जातो. साम्य येथे थांबते, कारण चित्रकथेतल्या मुलाला घरी पैसे पाठवायचे नसतात. तरीही 'परार्थ' वृत्तातून 'स्वार्थ' काढून टाकला की काय उरते, हे या पट्ट्याइतके स्पष्ट कोणतीही संहिता दाखवत नाही.

आता उरतो वाचक. १९८८ साली प्रकाशकांनी जेसन टॉडचे प्राण वाचकांच्या हाती दिले. दूरध्वनीवरून कौल घेतला गेला. ५,३४३ मते मृत्यूच्या बाजूने पडली, ५,२७१ जीवदानाच्या. फरक ७२ मतांचा. मुलगा मारला गेला आणि पुढच्याच वर्षी टिम ड्रेक त्याच्या जागी आला. या कौलाकडे केवळ विक्रीची क्लृप्ती म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. साथीदार हा वाचकाचा प्रतिनिधी, असे समीक्षा नेहमी सांगते. येथे वाचकांनी आपल्याच प्रतिनिधीला अनावश्यक ठरवले. याच्या नेमका उलट कौल आपल्या समाजाने हनुमानाच्या बाबतीत शतकानुशतके दिला आहे. गावात रामाचे देऊळ असेलच असे नाही, पण वेशीवर मारुती असतो. त्याने सेवकपण सोडलेले नाही, तरी शेंदूर त्याच्या स्वतःच्या नावाने वाहिला जातो. ही थोरवी त्याला जितकी संहितेने दिली, तितकीच ती ऐकणाऱ्यांनी दिली.

जेसन टॉड २००५ साली कथेत परत आणला गेला, 'रेड हूड' या नावाने आणि बॅटमॅनचा विरोधक होऊन. त्याची तक्रार लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. आपल्याला वाचवता आले नाही, हे तो बॅटमॅनला माफ करायला तयार आहे. त्याचा प्रश्न एवढाच की, ज्या जोकरने आपल्याला मारले तो अजून जिवंत कसा. बॅटमॅन त्याला आपल्या व्रताचे कारण सांगतो. एकदा ती रेषा ओलांडली तर आपण परत फिरणार नाही, असे ते कारण. म्हणजे उत्तर पुन्हा नायकाच्या व्रतापाशीच येऊन थांबते, आणि जेसनने विचारलेले तसेच मागे राहते.