उसना उंदीर

मुलुंडला आमच्या इमारतीत विरजण मागायला अजून कुणी लाजत नाही. वाटी घेऊन कुणीतरी बेल वाजवतं, चमचाभर दही वाटीत पडतं आणि दारातल्या गप्पा पंधरा मिनिटं चालतात. देणाऱ्याचं काही कमी होत नाही. आई होती तोवर दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर जात नसे, नियम काय तो एवढाच. मागच्या मे महिन्यात आम्ही गावाहून परतलो तर फ्रिज बंद पडलेला आणि आतलं सगळं नासलेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मीनाबेननी विरजण पाठवलं, वर निरोप: "तुमचंच आहे, मार्चमध्ये नेलेलं."

प्रयोगशाळेतल्या उंदरांचा व्यवहारही असाच असतो, निदान असायला हवा, हे मला भाचीमुळे कळलं.

ती एका संस्थेत पीएचडी करते. एक ठरावीक जनुक बंद केलेले उंदीर तिला हवे होते. तसे उंदीर आपल्याच देशात दुसऱ्या एका प्रयोगशाळेत होते आणि त्यांच्यावरचा शोधनिबंध छापून दोन वर्षं झाली होती. तिच्या मॅडमनी पत्र लिहिलं, उत्तर नाही. स्मरणपत्रं गेली. पाचव्या महिन्यात कराराचा मसुदा आला: या उंदरांवर काम करून पुढे जे काही सापडेल त्यात आमचा वाटा, आणि निबंध छापायला देण्याआधी आम्हाला दाखवा. मसुदा हिच्या संस्थेच्या कायदा विभागात गेला आणि तिथेच बसला. शेवटी अकराव्या महिन्यात तेच उंदीर परदेशातल्या साठ्यातून मागवले. दोन तासांच्या विमानप्रवासावर असलेला प्राणी अर्धं जग ओलांडून आला.

ते आले त्या दिवशी अंधेरीला सहारच्या एअर कार्गोत मी तिच्या सोबतीला होतो. पांढरा प्लास्टिकचा खोका, बाजूंना जाळीच्या खिडक्या, त्यांवर हवा गाळणारं कापड. आत भुसा, खाद्याच्या कांड्या आणि पाण्याऐवजी जेलीचा लगदा, प्रवासात सांडू नये म्हणून. झाकणातून पाहिलं तर सहा काळे उंदीर कोपऱ्यात एकमेकांवर चढून झोपलेले. अंगठ्याहून थोडेसेच मोठे. क्लिअरिंग एजंटने कागद उलटेपालटे केले आणि म्हणाला, "मॅडम, उंदीर इम्पोर्ट? अंधेरीतले संपले काय?" मी हसलो. भाची हसली नाही, ती उंदीर मोजत होती.

त्या एजंटला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या भाषेत धान्यातला उंदीर, गटारातला उंदीर आणि पालिकेचे कर्मचारी रात्री काठी-टॉर्च घेऊन मारतात तो उंदीर, सगळ्यांना एकच शब्द. फार तर घूस वेगळी. प्रयोगशाळेतले लोक मराठीत बोलतानाही 'माइस' आणि 'रॅट' म्हणतात, कारण त्यांना तो फरक रोज लागतो. आणि खोक्यातल्या त्या सहांची वंशावळ आपल्यापैकी बहुतेकांच्या वंशावळीपेक्षा नीट लिहिलेली असते. सलग किमान वीस पिढ्या भावा-बहिणीचा संकर केला की सगळे उंदीर जवळजवळ जुळ्यांसारखे होतात, तेव्हा कुठे त्याला शुद्ध वाण म्हणतात. या काळ्या उंदरांचं वाण 'सी ५७ ब्लॅक ६'. अमेरिकेत ॲबी लॅथ्रॉप ही बाई हौशी लोकांना विकण्यासाठी उंदीर पाळत असे. तिच्याकडच्या उंदरांपासून क्लॅरेन्स लिटल यांनी १९२१ मध्ये ते सुरू केलं. जगातल्या कर्करोगाच्या, मधुमेहाच्या, मेंदूच्या संशोधनाचा पाया असा एका पाळीव प्राण्यांच्या धंद्यातून आला.

पण असा उंदीर मागून आणावा का लागतो? आमच्या मुलुंडलाच हेक्स्ट कंपनीचं संशोधन केंद्र होतं. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत गरमरचं लोणचं होतं, त्या झाडाच्या मुळांतून फोर्स्कोलिन नावाचं द्रव्य सत्तरच्या दशकात तिथे वेगळं काढलं गेलं. त्या द्रव्याची रचना कागदावर मावते, मुळं बाजारात मिळतात, पडताळा घ्यायला कंपनीच्या दारात जावं लागत नाही. उंदराचं तसं नाही. निबंध कितीही बारकाईने वाचा, त्यातून उंदीर निघत नाही. तो नव्याने घडवायचा तर महिने किंवा वर्षं जातात, आणि हवं ते जनुक ज्यांच्यात उतरलेलं नाही अशी कितीतरी पिल्लं वाटेत मारावी लागतात. एकदा घडलेला उंदीर न देणं म्हणजे तीच हत्या दुसऱ्यांदा करायला लावणं. प्राण्यांबद्दल कळवळा असणाऱ्यांनी पिंजऱ्यांइतकंच या अडवणुकीविरुद्धही बोलायला हवं, असं मला वाटतं.

या देवाणघेवाणीचा मुंबईशी जुना संबंध आहे. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, पुण्याहून मुंबईत आल्या आणि डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएचडी केली. मग अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचं तंत्र शिकून परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात परतल्या. स्तनांचा कर्करोग उंदरांत कसा उतरतो, हा त्यांच्या कामाचा एक मोठा भाग. परळच्या उंदरांचं एक वाण त्या केंद्राच्या आद्याक्षरांवरून 'आयसीआरसी' म्हणूनच ओळखलं गेलं. देशभरच्या संशोधकांसाठी प्रयोगप्राण्यांची माहितीसेवाही १९५७ मध्ये परळलाच सुरू झाली. १९७६ मध्ये ती हैदराबादला गेली.

परळच्या बिनकेसांच्या एका उंदराच्या नावात 'क्री' अशी अक्षरं येतात, म्हणजे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट. ही पद्धत जगभर आहे. आपल्याकडे गाव सुटलं तरी आडनावातला 'कर' सुटत नाही, तसं उंदीर ज्या प्रयोगशाळेत वाढला तिची अक्षरं त्याच्या नावाला चिकटतात. ब्लॅक ६ च्या मागे 'जे' असेल तर तो अमेरिकेतल्या बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेचा. हे नुसतं मानाचं नाही. याच वाणाची एक शाखा १९५१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेली, तिला 'एन' लागलं. दोन्ही घरांत तेच वाण सांभाळलं जात होतं. पुढे कळलं की 'जे'वाल्यांच्या एका जनुकाचा तुकडा कधीतरी गळून गेलाय आणि त्याचा इन्शुलिनवर परिणाम होतो. म्हणजे मधुमेहाचा प्रयोग 'जे'वर केला की 'एन'वर, याने उत्तर बदलू शकतं. मीनाबेनकडचं दहीही मार्चपासून मे पर्यंत जरा आंबटच झालं होतं. म्हणून देणाऱ्याने पिढी सांगायची, घेणाऱ्याने लिहून ठेवायची, आणि न विचारता पुढे तिसऱ्याला द्यायचा नाही. तिसऱ्याला द्यायचं नाही हा नियम मला एरवी कद्रूपणाचा वाटला असता.

रोगाचंही आहेच. जॅक्सनमध्येच जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवलं होतं की कर्करोगाची मोठी शक्यता असलेल्या वाणाची पिल्लं जन्मताच दुसऱ्या वाणाच्या आईला पाजायला दिली, तर त्यांच्यात कर्करोग बराच कमी होतो. दुधातून विषाणू जात होता. एका घरचा पाहुणा दुसऱ्या घरचे सगळे पिंजरे आजारी पाडू शकतो. म्हणूनच विलगीकरण आलं, तपासणीचे दाखले आले, आणि हल्ली तर जिवंत उंदराऐवजी गोठवलेले भ्रूण किंवा शुक्रजंतू द्रव नायट्रोजनमधून पाठवतात.

जॅक्सनची खरी गोष्ट मात्र १९४७ ची. त्या ऑक्टोबरात मेन राज्यातल्या वणव्यात प्रयोगशाळा जळाली, उंदीर गेले. पण आधी वर्षानुवर्षं त्यांनी ज्यांना ज्यांना उंदीर दिले होते, त्यांनी त्याच वाणांच्या जोड्या परत पाठवल्या आणि वंश पुन्हा उभे राहिले. जे दिलं होतं तेच वाचलं.

पुढे चार दशकांनी हार्वर्डने कर्करोग होणारा उंदीर घडवला आणि १९८८ मध्ये त्यावर अमेरिकन पेटंट मिळवलं. परवाना ड्यूपाँ कंपनीकडे. कंपनीच्या अटी कडक: उंदीर दुसऱ्याला देण्यावर बंधनं, पुढच्या शोधांवर हक्क. हॅरल्ड व्हार्मस यांच्यासारखे शास्त्रज्ञ चिडले, आणि २००० च्या सुमारास ना-नफा संशोधनासाठी सवलतीचा करार झाला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये असं पेटंट नाकारलंच. आपल्या पेटंट कायद्यातही कलम ३(जे) प्रमाणे प्राण्यावर पेटंट मिळत नाही. त्याचा अभिमान मला होता, भाचीच्या हातातला मसुदा वाचेपर्यंत. पेटंटने जे मागता येत नाही ते कराराच्या एका कलमात मागता येतं.

आपले १९९८ चे नियम वाईट नाहीत. प्रयोगासाठी प्राणी ठेवणाऱ्या संस्थेने नोंदणी करायची, नैतिकता समितीची मंजुरी घ्यायची, प्राणी कुठून आला ते लिहायचं, बिननोंदणीच्या जागी द्यायचा नाही. उंदीर क्रूरपणे वागवला जाऊ नये याची काळजी त्यांत आहे. पण लोकांच्या पैशाने घडलेला उंदीर निबंध छापून झाल्यावर दडवून ठेवला तर काय, यावर ते गप्प आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००४ पासून असे प्राणी घडवू पाहणाऱ्यांकडून अर्जातच वाटपाची योजना मागायला सुरुवात केली. आपल्याकडे अनुदान देणाऱ्यांनी एवढीच ओळ घालावी: निबंध छापला की उंदराची गोठवलेली प्रत सामायिक साठ्यात, पाठवण्याचा खर्च घेणाऱ्याचा, श्रेय नावात, आणि पुढच्या शोधावर हक्क नाही. 'छापला की' हे शब्द मी मुद्दाम घातलेत. तीन वर्षं राबून एका मुलीने उंदीर घडवायचा आणि दहा माणसांच्या प्रयोगशाळेने तो नेऊन तिच्याआधी निबंध छापायचा, ही भीती खोटी नाही.

भाचीने त्या सहांपासून आता स्वतःचं नवं वाण केलंय, त्यांत आणखी एक जनुक बंद आहे. गेल्या रविवारी चकल्या तळताना तिने सांगितलं की दुसऱ्या शहरातल्या एका विद्यार्थ्याने ते मागितलेत.

"मग? देणार ना?"

"देईन की, मामा. आधी माझा पेपर येऊ दे."

"पाठवलास?"

झाऱ्यातली चकली तिने तेल निथळेपर्यंत धरून ठेवली. "लिहितेय," ती म्हणाली.