दोरी कुणाकडे सरकली

चिपळूण तालुक्यात, सावर्ड्याच्या एका वाडीत घर बांधायला काढले होते. जांभ्याचे चिरे टेम्पोने खाली रस्त्याला उतरवले. तिथून वर नुसती पाखाडी. घरचे दोघे भाऊ चिरे वाहू लागले. सहा फुटी बांबूचा दांडा, मधोमध सुंभाची दोरी, तिला टांगलेले दोन चिरे. थोरला पुढे, धाकटा मागे.

चढावर दांडा तिरपा होतो आणि दोरी खालच्या अंगाला सरकते. थोरल्याचा खांदा हलका झाला. का झाला ते त्याला कळले, पण तो बोलला नाही. धाकट्याची मान वाकली, पाय लटपटले आणि दांडा त्याच्या खांद्यावरून निसटला. एक टेकू गेल्यावर दुसरा एकटा काय धरणार? थोरलाही पाठीवर आपटला. चिरे फुटले.

"दादा, मला फार जड होत होतं."

"दोघांनी मिळूनच उचललं होतं ना?"

म्हाताऱ्या गवंड्याने दांडा हातात घेतला. दोरी घासल्याची खूण धाकट्याच्या टोकापासून दोन फुटांवर होती. तिथेच त्याने दोन नवे चिरे टांगले आणि प्रत्येक टोकाला ताणकाटा लावून पाहिला. धाकट्याकडे ४० किलो, थोरल्याकडे २०. मग दोरी मध्यावर आणली. ३० आणि ३०.

"बेरीज बघ," तो थोरल्याला म्हणाला, "६० ची ६०च. तुझ्या खांद्यावरून उतरलेलं ओझं वाऱ्यावर जात नाही, भावाच्या खांद्यावर जातं. आणि तो कोसळला की तूही उभा राहत नाहीस."

आर्किमिडीजने दोन हजार वर्षांपूर्वी तरफेचा नियम मांडला, तो हाच. भार ज्या टेकूच्या जवळ, त्या टेकूचा वाटा मोठा. कोकण रेल्वेच्या पुलावरून गाडी धावते तेव्हाही तिचा भार असाच मागच्या खांबावरून पुढच्या खांबावर सरकत जातो. पण खांबांना निवड नसते. दांड्याला तर ४० आणि २० असले तरी चालते, ३० आणि ३० असले तरी चालते. दोन्ही वेळा तो तोललेलाच राहतो. कुणी किती सोसायचे हे खांदा देणाऱ्यांनीच ठरवायचे असते, आणि मला वाटते, समतोलाचा हिशेब शिकताना हेही शिकले पाहिजे.

दोरी सरकू नये म्हणून गवंडी कोयतीने मध्यावर खाच पाडायला निघाला. थोरल्याने त्याचा हात धरला.

"मध्यावर नको, बाबा. माझ्या टोकापासून दोन फुटांवर पाडा."

"दादा, मग तुझ्याकडे ४० येतील!"

"येऊ देत. तुझा खांदा अजून कोवळा आहे. आणि आता तू पुढे हो. चढावर दोरी सरकलीच, तर माझ्याकडे सरकेल."