सोयरिकीआधीचा हिशेब

(राशीन, तालुका कर्जत, जिल्हा अहिल्यानगर. संधिवातानं बोटं आखडलेली अक्का आणि शाळेत विज्ञान शिकवणारा तिचा धाकटा भाऊ. पोरीला बघायला पाहुणे यायचेत.)

अक्का : सकाळी तासभर मूठ वळत नाही, गायीची धार काढणं सुटलं. पाहुण्यांचं लक्ष हातांकडं जाणारच. काय सांगू?

भाऊ : संधिवात आहे, गोळ्या चालू आहेत.

अक्का : आणि पोरीलाही होईल का, असं विचारलं तर?

भाऊ : १९९६ साली नदीपलीकडं भिगवणला डॉ. अरविंद चोप्रांच्या पथकानं घरोघर पाहणी केली. मोठ्या माणसांत साधारण दोनशेत एकाला हा आजार निघाला. आईला असला तर लेकीचा धोका अंदाजे तिप्पट. बायकांत जरा जास्तच, म्हणून दोनशेत चार-पाच धर. बाकीच्यांना होत नाही.

अक्का : पाहुणे दोनशे मोजत बसतात होय? 'आईचं पोरीत उतरतं' एवढंच ते घरी नेणार. मग खरं बोलून मी खोटंच पसरवलं ना?

(इथं भाऊ अडला. अडायलाच हवं होतं.)

भाऊ : हे मला सुटत नाही. पण लपवलंस आणि पुढं कळलं, तर बोलणी तुला नाही, तिला खावी लागतील.

अक्का : मग तिचं रक्तच तपासू. जनुकं चांगली निघाली की कागद पुढं करू.

भाऊ : तसा कागद मिळत नाही. एचएलए-डीआरबी१ या जनुकाचे काही प्रकार धोका वाढवतात, हे १९८७ पासून मांडलं गेलंय. पण ते असलेल्या बहुतेकांना आजार होतच नाही. २००४ मध्ये युरोपीय वंशाच्या लोकांत सापडलेला पीटीपीएन२२मधला बदल आपल्याकडं क्वचितच दिसतो. एकसारख्या जुळ्यांत जनुकं तीच असतात, तरी एकाला असला तर दुसऱ्याला शंभरात पंधरा-एक वेळाच होतो. आणि मुलाचा असा कागद मागशील?

अक्का : मुलाचा कोण मागतंय!

भाऊ : मग पोरीचाही नको. आजार तुझा, तो तू सांग. जनुकं तिची, तपासायची की नाही, ते तिनं ठरवावं. तिला विचारलंस?

अक्का : नाही अजून.

भाऊ : आधी ते कर. मुलाला मात्र विचारू, विडी-सिगारेट ओढतो का.

अक्का : त्याचा इथं काय संबंध?

भाऊ : घराण्यात कुणालाच संधिवात नसला, तरी ओढणाऱ्याला त्याचा धोका वाढतो.