मन वळते ते कशाने?

(मननासाठी शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये, अध्याय 26 व 27)



उजनीचे धरण 1980 साली पुरे झाले. तेव्हापासून ज्या गावांमध्ये पूर्वी केवळ भीमेचे पात्र होते, त्यांच्यामध्ये यशवंतसागराचे विस्तीर्ण पाणी पसरले. ह्या काठचे शेत एका तीरावर व सोयरे दुसऱ्या तीरावर, असे पुष्कळांचे झाले. सडकेने जावे तर फार मोठा वळसा पडतो. म्हणून करमाळा तालुक्यातील लोक होडीत बसून इंदापूर तालुक्यात जातात व तिकडचे इकडे येतात. ही वहिवाट इतकी अंगवळणी पडली आहे की, होडीत पाय ठेवताना कोणाच्या मनात भय येत नाही.

21 मे 2024 रोजी सायंकाळी कुगावाहून कळाशीकडे निघालेली एक होडी वादळी वाऱ्यात सापडून उलटली. होडीत सात जण होते. एक पोहून तीरास लागला. सहा जणांस जलसमाधी मिळाली, आणि त्यांत दोन लहान लेकरे होती. काही दिवस शोध चालला, व एकेक देह वर आला. त्या दिवसांत दोन्ही तीरांवर जो आक्रोश झाला, त्याचा विसर आम्हांस पडू नये. ह्याच पाण्यात, इंदापूरच्या बाजूस, 2017 सालच्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस सहलीस आलेल्या डॉक्टरांची होडी उलटून चौघे बुडाले होते. म्हणजे विद्या नव्हती म्हणून असे झाले, असे म्हणण्यास जागा नाही; आणि पूर्वी कधी इशारा मिळाला नव्हता, असेही म्हणता येत नाही.

आता आम्ही आपणांस एक प्रश्न विचारितो. वैशाखाच्या सायंकाळी वळवाचा वारा सुटतो, हे काठच्या कोणत्या माणसास ठाऊक नाही? अंगावर तरंगते जाकीट असले तर बुडता माणूस वर राहतो, हे कोणास शिकवावे लागते? सर्वांस ठाऊक आहे. तरीही ठाऊक असणे आणि करणे ह्यांच्यामध्ये उजनीच्या पाण्याएवढे अंतर आहे. हे अंतर कशाने पडते व कशाने तुटते, हाच आजच्या मननाचा विषय. आमच्या प्रचारक बंधूंचा तर हा रोजचाच प्रश्न होय. कारण ते सांगतात, लोक माना डोलावितात, आणि दुसऱ्या दिवशी पूर्वीप्रमाणेच चालतात.

शास्त्रात ह्याचे एक मोठे उदाहरण आहे. अग्रिप्पा राजा संदेष्ट्यांचे ग्रंथ जाणत होता. पौल त्याच्यासमोर बेड्यांनिशी उभा राहून बोलला, व त्याचे बोलणे निराधार नाही हे राजास कळले. तरी तो आसनावरून उठून चालता झाला. कळणे झाले, वळणे झाले नाही. आणि त्याच्याच पुढच्या अध्यायात एका गलबताची कथा आहे. तीत 276 माणसे होती. त्यांचे मन प्रथम पौलाकडे वळले नाही आणि पुढे वळले. माणूस तोच, ऐकणारे तेच. मग असे का झाले, हे लक्षपूर्वक पाहू.

पहिली गोष्ट : मन बनते कसे. गलबत क्रेत बेटाच्या सुंदर बंदर नावाच्या ठिकाणी होते. समुद्रप्रवासाचा हंगाम सरत आला होता. पौलाने सांगितले की, पुढे गेल्यास माल, गलबत व जीव ह्यांची हानी होईल. परंतु शताधिपती युल्य ह्याने पौलापेक्षा तांडेलाचा व गलबताच्या धन्याचा शब्द अधिक मानिला. हे आपणांस नवल वाटू नये. ज्याचा तो धंदा, त्यास अधिक कळते, असे आपणही म्हणतो. मात्र ज्याची मिळकत निघण्यावर अवलंबून आहे, त्याचा सल्ला निघण्याकडेच झुकतो, हे विसरतो. दुसरे असे की, ते बंदर हिवाळा काढण्यास गैरसोयीचे होते. सोय ही मोठी वकील आहे. तिच्या बाजूने ती शंभर कारणे उभी करिते. तिसरे, बहुतेकांचे मत निघावे असे पडले. आणि सर्व निघाले असता एकट्याने मागे राहावे, असे कोणास वाटते? चौथे, त्याच वेळी दक्षिणेचा मंद वारा सुटला, आणि आपला बेत सिद्धीस गेला असेच त्यांस वाटले.

बंधूंनो, आमची मनेही ह्याच चार धाग्यांनी विणिली जातात. जाणत्या म्हणविणाऱ्याचा शब्द, आपली सोय, चारचौघांची रीत, आणि आजवर काही वाईट झाले नाही हा मंद वारा. ह्यांतील चौथा धागा सर्वांत घातक आहे. ज्याने शंभर वेळा होडीतून सुखरूप प्रवास केला, त्यास प्रत्येक खेप हीच शिकवण देते की, भिण्याचे कारण नाही. ज्याने दारूचा पहिला पेला घेतला व सकाळी शेतावर गेला, त्यासही तीच शिकवण मिळते. मुलीच्या लग्नासाठी एकदा कर्ज काढून निभावले, तर दुसऱ्या वेळेस कर्ज ही रीत होते. पाप असेच मंद वाऱ्याने निघते. वादळ मागाहून येते.

दुसरी गोष्ट : मन वळते कसे. युरकुलोन वारा सुटला. पुष्कळ दिवस सूर्य दिसला नाही, तारे दिसले नाहीत. माणसांनी अन्न सोडिले. तेव्हा पौल त्यांच्यामध्ये उभा राहिला. माझे ऐकले असते तर बरे झाले असते, असे तो एकदाच बोलला. त्यावर घोळत बसला नाही. लगेच त्याने धीर दिला की, गलबत जाईल पण तुमच्यापैकी कोणाचा प्राण जाणार नाही, कारण देवाच्या दूताने मला तसे सांगितले आहे. पहा, केवळ भय घालून माणूस एक तर थिजतो, नाही तर कान बंद करितो. भयाबरोबर वाट दाखविली तरच तो हलतो.

पुढे चौदाव्या रात्रीनंतर, उजाडण्याच्या सुमारास, पौलाने त्यांस खाण्याची विनंती केली. आणि केवळ विनंती करून तो थांबला नाही. त्याने भाकर घेतली, सर्वांच्या देखत देवाचे उपकार मानिले, ती मोडिली आणि आपण खाऊ लागला. तेव्हा त्या सर्वांस धीर आला व त्यांनीही अन्न घेतले. येथे वादविवाद नव्हता. एक लहान कृत्य होते, सर्वांस करिता येण्याजोगे, आणि सांगणाऱ्याने ते प्रथम केले. शिवाय तो तीरावर उभा राहून ओरडत नव्हता. ज्या पाण्यात ते बुडणार त्यातच तो बुडणार होता. खाऊन तृप्त झाल्यावर त्याच लोकांनी आपल्या हातांनी गहू समुद्रात टाकून गलबत हलके केले. ज्या मालाच्या सोयीकरिता ते निघाले होते, तोच त्यांनी टाकिला! पहिले लहान पाऊल पडले म्हणजे दुसरे मोठे पाऊल टाकण्याचे बळ येते.

शास्त्राने जे सांगितले त्याची साक्ष जगाच्या अनुभवातही मिळते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी, 1943 च्या सुमारास, अमेरिकेत मांसाची टंचाई होती. गृहिणींनी कलेजी, गुर्दे, हृदय असे नावडते भाग रांधावे, अशी सरकारची इच्छा होती. कर्ट ल्युइन नामक मानसशास्त्रज्ञाने काही स्त्रियांस उत्तम व्याख्यान ऐकविले. इतर स्त्रियांस मंडळात बसवून आपसांत बोलू दिले, अडचणी मांडू दिल्या, व शेवटी करून पाहण्यास कोण तयार आहे ते हात वर करून सांगण्यास लाविले. मागाहून चौकशी करिता, व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी शेकडा 3 स्त्रियांनी तो नवा पदार्थ केला होता. मंडळात बसून ठरविणाऱ्यांपैकी शेकडा 32 स्त्रियांनी. उपदेश करणाऱ्या आम्हां सर्वांस हे आकडे नम्र करणारे आहेत.

आता आमचीच एक चूक सांगणे प्राप्त आहे. 2024 च्या त्या दुःखद घटनेनंतर आम्ही एका मंडळीत ह्याच विषयावर उपदेश केला. लोक रडले. आम्हांस वाटले की शब्द पोहोचला. काही आठवड्यांनी पलीकडच्या तीरावर प्रार्थनासभेस जाण्याचा प्रसंग आला. उशीर झाला होता, आभाळ स्वच्छ होते, वारा मंद होता. होडीच्या तळाशी दोन जाकिटे पडली होती. ती ओली व मळकी होती, म्हणून आम्ही ती पायाने सरकवून बसलो. आमच्याबरोबर मंडळीतील एक वृद्ध बाई होत्या. पलीकडे उतरल्यावर त्या म्हणाल्या, “गुरुजी, तुमी देवळात सांगितलं ते आमाला आदीपासून ठाव व्हतं. तुमी काय करता ते बघाया आमी बसलो व्हतो. तुमीच जाकीट घातलं न्हाई, मग आमच्या पोरांनी कशापायी घालावं?”

आम्हांस उत्तर देता आले नाही. “आजी, चुकलो,” एवढेच म्हणालो. एक तासाचा उपदेश आम्ही पायाच्या एका हालचालीने पुसून टाकिला होता. परत येताना आम्ही ते ओले जाकीट अंगात घातले, आणि दुसरे आजींस दिले. होडीवाल्याचा मुलगा आमच्याकडे पाहून हसला. पण पुढच्या खेपेस तो स्वतः घालून बसला होता, व त्याने आणखी दोन जाकिटे आणिली होती. त्यास आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो.

तिसरी गोष्ट : मन वळविणे आणि मन मोडणे ही एक नव्हेत. पौल फिलेमोनास आज्ञा करू शकत होता; तरी त्याने प्रीतीस्तव विनंती केली, यासाठी की त्याचे चांगले कृत्य जुलमाचे नव्हे तर खुषीचे व्हावे. आमच्या महाराष्ट्र मंडळीत ह्याचे उदाहरण घराघरांत ठाऊक आहे. कवी नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई ह्यांचे माहेर फार कडक सोवळ्याचे; विटाळाचे भय त्यांनी लहानपणीच घरच्या हवेबरोबर आत घेतले होते. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे आल्या, तरी त्यांचे सोवळे कायम होते, आणि टिळकांनी ते बळाने मोडिले नाही. ज्यांस त्या दूर मानीत, त्यांच्याच शेजारी राहता राहता, त्यांची माया पाहता पाहता, जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात आपोआप उभा राहिला. आणि तो माणसाने केला असे ज्या दिवशी पटले, त्या दिवसापासून त्या सर्वांच्या हातचे घेऊ लागल्या. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे “स्मृतिचित्रे” ह्या ग्रंथात त्यांनी हे सर्व आपल्या हाताने लिहून ठेविले. जे मन आपण होऊन वळले, ते पुन्हा मागे फिरले नाही.

म्हणून प्रचारक बंधूंनो, लालूच दाखवून अथवा धाक घालून कोणाचे मन फिरवू नका. लालूच संपली की ते मन परत जाते, आणि प्रभूच्या नावास काळिमा मात्र राहतो. व मंडळीतील बंधुभगिनींनो, पुढील गोष्टी आम्ही आपल्यापुढे विनंती म्हणून ठेवितो. जी सुधारणा दुसऱ्यात हवी, तिचे पहिले पाऊल आपण सर्वांदेखत टाकावे. एका वेळी एकच लहान गोष्ट हाती घ्यावी. उपासनेनंतर घरी जाण्याची घाई न करिता गोल बसावे, अडचणी मोकळेपणाने बोलाव्या, आणि आठवड्याभरात कोण काय करील ते प्रत्येकाने आपल्या तोंडाने सांगावे. पुढच्या रविवारी त्याची आठवण प्रेमाने द्यावी. जो चुकला त्यास एकदा सांगावे, टोचीत बसू नये. आणि होडीत बसताना पाळकाने, पंचाने व घरच्या कर्त्याने प्रथम जाकीट घालावे, मग लेकरांस घालावे. ते नसेल किंवा वारा उठला असेल, तर त्या दिवशी जाऊ नये. सोयरे रुसले तरी उद्या भेटतील.

इतके करूनही शेवटचे काम आमचे नव्हे. फिलिप्पै येथे नदीकाठी लुदिया बसली होती. पौल बोलला, पण तिचे अंतःकरण प्रभूने उघडिले. आमचे काम भाकर मोडण्याचे, धीर देण्याचे व त्याच होडीत बसण्याचे. असेच आमच्या प्रभूने केले. तो स्वर्गाच्या तीरावरून हाक मारून राहिला नाही. तो आमच्या वादळात आमच्या होडीत आला.

हे प्रभो, जे आम्हांस ठाऊक आहे ते करण्यास आम्हांस बळ दे. आमच्या कृत्याने कोणाचे पाऊल घसरू देऊ नकोस. ह्या पाण्यात ज्यांची माणसे गेली, त्यांचे सांत्वन कर, आणि दोन्ही तीरांवरील लेकरांचे रक्षण कर. आमेन.