काचेला आलेला घाम

डोंबिवलीच्या आमच्या घरात, पूर्वी जिथे वडिलांचे पुस्तकांचे कपाट होते त्या भिंतीशी, तीन फुटी फिश टँक सहा आठवडे नुसत्या पाण्याने भरून उभा होता. येणारा-जाणारा विचारी, मासे कुठे आहेत? पुतणी सांगे, मासे नाहीत, अ‍ॅक्सोलॉटल येणार आहे, पण पाणी अजून तयार झालेले नाही. पाणी तयार व्हावे लागते, हे मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकले. नळाला आले की भरून ठेवायचे, आणि नाही आले की वाट पाहायची, एवढाच आपला पाण्याशी व्यवहार. त्याला स्वतःलाही काही होण्यासाठी अवधी हवा असतो, हे कधी मनात आलेच नव्हते.

काय घडत होते त्या रिकाम्या पाण्यात? जलचराच्या विष्ठेतून, उरल्यासुरल्या अन्नातून अमोनिया सुटतो आणि तो विषारी असतो. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे पुष्कळ सौम्य असते आणि आठवड्याला थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात, आणि ती वस्ती बसायला आठवडेच्या आठवडे लागतात. पालिकेच्या पाण्यातले क्लोरिन त्यांना मारते, म्हणून बादलीत आधी त्याचा उतारा टाकायचा. ठाण्यात राहणाऱ्या एका स्नेह्याचा टँक बारा वर्षांचा. त्यांनी आपल्या फिल्टरमधल्या स्पंजाचा तुकडा कापून, त्याच टँकच्या पाण्यात बुडवून, स्टीलच्या डब्यातून दिला. लोकलच्या गर्दीत तो डबा मांडीवर धरून बसलो असताना मला आई आठवली. बदली झालेल्या गावी जाताना ती विरजणाची वाटी अशीच पदराखाली सांभाळीत नेई. एका घरचे दही दुसऱ्या घरच्या दुधात जिवंत राहते, ही गोष्ट आपल्या बायकांना सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. रोज रात्री पुतणी काचेच्या नळीत पाणी घेई, त्यात औषधाचे थेंब मोजून सोडी आणि दिव्याखाली धरी: रंग हिरवा म्हणजे अमोनिया आहे, पिवळा म्हणजे नाही. एकतिसाव्या दिवशी तो पहिल्यांदा निखळ पिवळा झाला, तेव्हा आम्ही दोघे बराच वेळ त्या नळीकडे पाहत राहिलो. मग नायट्राइटची पाळी.

पण खरी साधना थंडाव्याची. मेक्सिको शहराच्या दक्षिणेला, समुद्रसपाटीपासून सुमारे 2240 मीटर उंचीवर, शोचिमिल्कोचे जलाशय आहेत. अ‍ॅक्सोलॉटल या सॅलमँडरकुळातल्या प्राण्याची रक्तातली ओळख तिथल्या पाण्याशी. त्याला मानवते 16 ते 18 अंशांचे पाणी, आणि वैशाखात आमच्या टँकचे पाणी सहज तिशी ओलांडते. ज्याला तुटलेला पाय बोटांसकट पुन्हा फुटतो, त्याला 24 अंशांच्या वरचे पाणी सोसत नाही. बळ आणि नाजूकपणा एकाच देहात असे शेजारी नांदतात. आधी पाण्यावर पंखा सोडून पाहिला. माठ ज्या न्यायाने गार होतो त्याच न्यायाने पाणी निवायला हवे होते, पण खाडीकाठच्या दमट हवेत माठसुद्धा धड निवत नाही. अखेर चिलर आणावा लागला. तो पाण्यातली उष्णता काढून खोलीत सोडतो. एक परके, उंचावरचे तळे घरात गार राखायचे तर घराने थोडे अधिक तापायचे, ही देवघेव मी तळव्यांना जाणवणाऱ्या उन्हाळ्यात रोज अनुभवली आणि मला ती कुठेतरी न्याय्य वाटली.

हा प्राणी आयुष्यभर पोरच राहतो. बेडकाचे पिल्लू कल्ले टाकून जमिनीवर येते. हा मानेभोवतीचे पिसांसारखे कल्ले तसेच ठेवून, पाण्यातच वयात येतो, अंडी घालतो, म्हातारा होतो. 1864 साली असे 34 जीव मेक्सिकोहून पॅरिसला नेले गेले. पुढे त्यांच्या संततीतल्या काहींनी कल्ले टाकले आणि ते जमिनीवर राहू लागले. ओग्युस्त द्युमेरिल हा जाणता प्राणिशास्त्रज्ञही चकित झाला. म्हणजे प्रौढत्व त्यांच्यात निजलेले होतेच, केवळ जागे व्हायचे कारण मिळाले नव्हते. मला सनकादिक आठवतात, सृष्टी वाढवायला नकार देऊन सदैव बालक राहिलेले. आणि आठवतो दुर्योधन. कारण मेक्सिकोतल्या ज्या शोलोत्ल देवावरून याचे नाव पडल्याचे सांगतात, तो मरण टाळायला रूपे पालटत अखेर पाण्यात शिरला, आणि तिथेही सापडला. दोन महासागरांच्या दोन तीरांवरच्या कवींना, हरलेल्याने शेवटी डोहाचाच आसरा घ्यावा असे का वाटले असेल?

त्याचा स्वतःचा डोह आता त्याला आसरा देत नाही. 1998 साली शोचिमिल्कोत चौरस किलोमीटरला सुमारे 6000 अ‍ॅक्सोलॉटल होते. 2014 पर्यंत ते 40 च्याही खाली आले. शहर पसरले, पाणी नासले, आणि लोकांच्या पोटासाठी म्हणून सोडलेल्या कार्प व तिलापियाने त्याची अंडी-पिल्ले खाल्ली. हीच तिलापिया उजनी धरणात चिलापी म्हणून जाळ्यात येते. ठाण्याला आपण तळ्यांचे शहर म्हणतो. मासुंद्याच्या काठी संध्याकाळी बसलो की बुजवल्या गेलेल्या तळ्यांची आठवण कुणी काढत नाही, त्यांच्यात कोण राहत होते हे तर कुणी विचारलेच नाही. जगभरच्या काचांमागे अ‍ॅक्सोलॉटल अगणित आहेत, घरी मात्र नाहीत. 2022 साली वन्यजीव कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर असा जीव आपल्याकडे ठेवायचा तर त्याची रीतसर नोंद करावी लागते. तो अर्ज भरताना मला ते ओझे वाटले नाही. कुठल्यातरी वहीत त्याचे असणे लिहिले गेले, याचे समाधानच वाटले.

आषाढाच्या तोंडावर तो आला. फिकट गुलाबी, वीतभर, तळाच्या बारीक वाळूवर चारी पाय टेकून स्थिर. बाहेर पाऊस, आत 17 अंशांचे पाणी. त्यामुळे काचेला बाहेरून सतत घाम सुटतो, बर्फाच्या पाण्याच्या तांब्याला सुटतो तसा, आणि काही मिनिटांत पलीकडचे सारे धूसर होते. पुतणीने आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा त्यासाठी ठेवला आहे. रात्री झोपण्यापूर्वी मी तो घेतो, काच पुसतो. कल्ल्यांची सहा पिसे मंद हलताना दिसतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा पुसावी लागते.