बांबूतली कीड

मंगरूळपीरात एक म्हातारा बुरूड राहायचा. बिरबलनाथांची यात्रा असो की दादा हयात कलंदरांचा उरूस, त्याचं दुकान ठरलेलं. लग्नसराईत सूप-परडीसाठी लोक त्याच्याच अंगणात येत. प्लॅस्टिकची टोपली आली, मळणीयंत्रं आली, घराघरातल्या कणग्या गेल्या आणि शेजारपाजारचे बुरूड एकेक करून मजुरीला लागले. हा टिकला, कारण कामटी तो बांबूच्या पाठीची घ्यायचा, पोटाची नाही. बांबू उभा चिरला की सालीकडची पट्टी चिवट निघते, आतली पांढरी आणि मऊ. आतल्या पट्टीचं सूप नवं असताना दिसायला तसंच. पण त्या मऊ भागातल्या पिठूळ अंशावर भुंगा येतो आणि मग पाखडताना तांदळात बारीक भुसा पडतो. गिऱ्हाइकाला हे वर्ष-दोन वर्षांनी कळतं, बुरुडाला चिरतानाच कळलेलं असतं.

एका जून महिन्यात त्याच्याकडे एक ठेकेदार आला. रस्त्याच्या कडेला झाडं लावायचं काम त्याला मिळालं होतं आणि रोपांभोवती बांबूचे पाचशे कठडे हवे होते. म्हाताऱ्याचा नातू बारावी होऊन घरीच होता. त्यानं लगेच कागद घेतला, हिशेब मांडायला बसला.

"कागद ठेव," ठेकेदार म्हणाला. "कठडे तीनशेच करा. बिल पाचशेचं द्या. वरच्या दोनशेचे पैसे अर्धे तुमचे, अर्धे माये."

"अन् मोजाले कोनी आलं तं?" नातवानं विचारलं.

"झाडं मोजाले कोन येते बापा? निम्मी तं उन्हाळ्यात वाळतेतच. कठडा ढोरानं मोडला म्हनायचं."

म्हातारा खाली मान घालून कोयत्यानं बांबू चिरत होता. पेरातून पातं सरसर जातं, गाठीशी आलं की अडतं. तिथं मनगटाला जोर द्यावा लागतो. ती गाठ फोडून झाल्यावर त्यानं वर पाहिलं. "तीनशे पायजे तं तीनशेचं बिल देतो. पाचशे पायजे तं पाचशे करून देतो, दोन महिने लागतीन."

"बुढ्या, तुले धंदा नाई समजत," असं म्हणून ठेकेदारानं गाडीला किक मारली.

रात्री नातू जेवायला बसेना. छप्पर गळत होतं, कॉलेजची फी भरायची होती. "आबा, तीनशे करून चारशेचे पैसे भेटत होते. नुकसान कोनाचं होतं?"

म्हाताऱ्यानं त्याला केतय्यांची गोष्ट सांगितली. बुरूड समाज ज्यांना केतेश्वर महाराज म्हणून भजतो, ते 12व्या शतकात बसवेश्वरांच्या कल्याण नगरीत राहणारे शरण, म्हणजे शिवभक्त. रानातून बांबू आणायचे, टोपल्या विणून विकायच्या आणि त्या कमाईत दारी आलेल्या जंगमांना जेवू घालायचं, हे त्यांचं कायक, म्हणजे पूजा मानून केलेलं काम. देवानं त्यांची परीक्षा पाहिली, असं सांगतात. केतय्यांनी बांबूवर घाव घातला तर आतून सोनं पडलं. केतय्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, या बांबूला कीड लागली. तो टाकून दिला आणि दुसरा बांबू तोडायला गेले.

"येडा होता का तो?"

"येडा नाई, बुरूड होता. पेरात जे बांबूचं नाई, ते कीडच."

नातवाला तेव्हा हे पटलं नाही. मला विचाराल तर विसाव्या वर्षाच्या आत पटूही नये.

ही गोष्ट चीनमधल्या चित्रकार-कवी झेंग बानच्यावला ऐकवली असती, तर त्यानं मान डोलावली असती. तिकडे प्लम, ऑर्किड, शेवंती आणि बांबू यांना चार सज्जन म्हणतात. थंडीत पान न टाकणारा, वाऱ्यात वाकून पुन्हा उभा राहणारा, आतून पोकळ म्हणजे अहंकार नसलेला बांबू तिथल्या कवींनी शतकानुशतकं आळवला. झेंगनं तर जन्मभर बांबू रंगवला. खडकाच्या फटीत मुळं रोवून चहूकडचे वारे सोसणारा बांबू त्याच्या गाजलेल्या कवितेत आहे. पण कविता लिहिणं सोपं, म्हणून त्याचं बाकीचं आयुष्य पाहावं. 1746 पासून तो शानतुंग प्रांतातल्या वेइश्येनचा मुख्य अधिकारी होता. दुष्काळ पडला तेव्हा वरच्या मंजुरीची वाट न पाहता त्यानं सरकारी कोठारं उघडली. वरिष्ठांची मर्जी गेली आणि 1753 मध्ये नोकरीही गेली. मग यांगचौ शहरात तो बांबूची चित्रं विकून पोट भरू लागला. 1759 मध्ये त्यानं चक्क दरपत्रक लावलं: मोठ्या चित्राला 6 ताएल चांदी, मधल्याला 4, लहानाला 2. भेटवस्तू नकोत, रोख चांदी द्या, असंही त्यात बजावलं होतं. मला त्याच्या कवितेपेक्षा ही पाटी जास्त आवडते. कामाचा दाम उघड मागणाऱ्याला आडून काही घ्यावं लागत नाही.

ठेकेदाराचं पुढं काय झालं? काहीच नाही. कठडे त्यानं दुसरीकडून करून घेतले, बिल निघालं, मोजायला कोणी गेलं नाही. म्हाताऱ्याचं छप्पर तो पावसाळाभर गळलं. दिवाळीनंतर लग्नाच्या सुपांचे पैसे आले तेव्हा पत्रे बदलले. नातवाचं एक वर्ष वाया गेलं, फी दुसऱ्या साली भरली.

म्हातारा आता नाही. नातू नोकरी सांभाळून लग्नसराईपुरता बांबू चिरतो, आणि तोही पाठीचीच कामटी घेतो. तुम्ही कुठंही सूप घ्याल तेव्हा त्याच्या कामटीवर नख ओढून पाहा. आतल्या मऊ पट्टीवर ओरखडा उठतो, पाठीच्या पट्टीवरून नख घसरतं. नख घसरलं तर बुरूड सांगेल तो भाव द्या, घासाघीस करू नका.